गाडीचा फ्यूज उडाला तर? कोकणातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढची माहिती १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. मॉडेलप्रमाणे फ्यूजच्या जागा आणि आकडे बदलतात, त्यामुळे गाडीचं मॅन्युअल हाताशी ठेवा. ते सापडत नसेल तर निदान फ्यूज बॉक्सच्या झाकणाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

फ्यूज वाचवतो कुणाला? बल्बला की वायरीला?

वायरीला. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो. त्याची वायर त्यापेक्षा थोडा जास्त भार झेपेल एवढ्याच जाडीची असते. ती कुठे सोलवटून बॉडीला टेकली तर बॅटरी एका क्षणात शंभरच्या वर अँपिअर ओतायला तयार असते. अशा वेळी मधला कुणीतरी मरायला हवा. तो फ्यूज मेला नाही तर वायर मरते, आणि वायर एकटी मरत नाही, शेजारच्या वीस वायरी घेऊन जाते.

१५ अँपिअरचा फ्यूज १६ अँपिअरला लगेच उडत नाही. १० टक्के जास्त भार तो तासन्‌तास सोसतो. भार ३५ टक्के जास्त झाला की दहा मिनिटांच्या आत जातो, दुप्पट झाला की पाच सेकंदांच्या आत. म्हणून "लावला की लगेच उडाला" आणि "पाच मिनिटं चालला, मग उडाला" ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि मेकॅनिकला सांगतानाही वेगळी सांगावीत.

फ्यूज बॉक्स कुठे असतो?

बहुतेक गाड्यांत दोन असतात. एक डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, छोट्या झाकणाआड. काही मॉडेलमध्ये तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. दुसरा बोनेटखाली, बॅटरीच्या शेजारी काळ्या डब्यात. ढोबळ हिशेब असा: रेडिओ, चार्जरचं सॉकेट, आतले दिवे, सेंट्रल लॉक हे आतल्या बॉक्सवर, हेडलाइट, हॉर्न, रेडिएटरचा पंखा, फ्युएल पंप, एबीएस हे बोनेटखालच्या बॉक्सवर. वायपर आणि ब्लोअर कुठेही सापडू शकतात.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर बोल्टने आवळलेले ६० ते १२० अँपिअरचे मोठे फ्यूजही असतात. त्यांच्यापैकी एखादा गेला असेल तर मागे मोठं कारण आहे असं समजा. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्या.

फ्यूज न काढता तो उडालाय की नाही हे कळतं का?

कळतं, आणि तीच पद्धत चांगली. प्रत्येक ब्लेड फ्यूजच्या (म्हणजे दोन चपट्या पायांच्या नेहमीच्या प्लास्टिक फ्यूजच्या) डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. टेस्ट लॅम्प म्हणजे एका टोकाला टोकदार सळी आणि दुसऱ्या टोकाला चिमट्याची वायर असलेला छोटा दिवा. त्याचा चिमटा बॉडीच्या उघड्या बोल्टला लावा, चावी ऑनवर ठेवा आणि टोक दोन्ही ठिपक्यांना आळीपाळीने टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज ठीक. एकाच बाजूला लागला तर उडालेला. कुठेच लागला नाही तर फ्यूजला दोष देऊ नका, त्याच्यापर्यंत वीजच येत नाहीये; काही सर्किट हेडलाइटचं किंवा वायपरचं बटण दाबल्याशिवाय जिवंत होत नाहीत.

नुसत्या डोळ्यांनी बघायचं असेल तर फ्यूज काढून उजेडाकडे धरा. आतली नागमोडी पट्टी तुटलेली दिसते. पण केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. शंका असेल तर मल्टीमीटर बीपवर ठेवून दोन्ही पायांना लावा.

फ्यूज बदलण्याची पद्धत काय?

इंजिन बंद, चावी बाहेर, जे चालत नाही त्याचं बटणही बंद. झाकणावरच्या नकाशात फ्यूजचा नंबर शोधा. झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा प्लास्टिकचा चिमटा अडकवलेला असतो. त्याने फ्यूज सरळ वर ओढा. डावीउजवीकडे हलवून काढला तर खालची क्लिप सैल होते, आणि सैल क्लिप पुढे तापत राहते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, तो घसरून शेजारच्या फ्यूजला टेकतो.

नवा फ्यूज त्याच आकड्याचा आणि त्याच आकाराचा हवा. बाजारात रेग्युलर, मिनी, लो प्रोफाइल मिनी आणि मायक्रो असे आकार मिळतात. मिनी आणि लो प्रोफाइल यांची रुंदी सारखीच वाटते, पण लो प्रोफाइलचे पाय अंगाबाहेर जेमतेम दिसतात. दुकानात जाताना उडालेला फ्यूज खिशात टाकून न्या, म्हणजे वर्णन करत बसावं लागत नाही.

फ्यूज अंगठ्याने पूर्ण खाली दाबा. अर्धवट बसलेला फ्यूज चालतो, पण तापतो. मग चावी लावून बघा. लगेच उडाला तर दुसरा लावू नका, खालचा "लावला की उडतो" हा प्रश्न वाचा.

रंगांचा अर्थ काय?

आकडे अँपिअरचे: ५ फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा, ४० नारिंगी. त्याहून लहानांमध्ये २ राखाडी, ३ जांभळा. दोन तपकिरींत हमखास घोळ होतो, विशेषतः संध्याकाळी बोनेटखाली. म्हणून रंगावर न जाता डोक्यावर कोरलेला आकडा वाचा. बोल्टवाल्या आणि मॅक्सी (म्हणजे मोठ्या आकाराच्या ब्लेड) फ्यूजना हे रंग लागू नाहीत. मॅक्सीत लाल म्हणजे ५०.

उडालेला फ्यूज बघून कारण सांगता येतं का?

बऱ्यापैकी येतं. म्हणून तो लगेच फेकू नका.

खिडकीच्या आतून काळी राख शिंपडल्यासारखी दिसली आणि पट्टीचा मोठा तुकडा गायब असला तर शॉर्ट आहे. वायर कुठेतरी थेट बॉडीला टेकली, एका झटक्यात धातूची वाफ झाली.

प्लास्टिक स्वच्छ आहे आणि पट्टी मधोमध नुसती वितळून वेगळी झाली आहे, तर तो जास्त भार. मोटर जड फिरते, कुणीतरी सॉकेटवर जास्त काही लावलं, जास्त वॅटचे बल्ब बसवले, अशी कारणं.

तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही: पट्टी शाबूत, पण फ्यूजचा एक पाय काळपट आणि त्या बाजूचं प्लास्टिक मऊ होऊन वाकडं झालेलं. इथे करंट जास्त नव्हता. क्लिप सैल किंवा गंजलेली होती आणि तिथेच उष्णता झाली. अशा जागी दहा नवे फ्यूज लावले तरी उपयोग नाही. आधी क्लिप बदलावी लागते.

आणि चौथा, खास किनारपट्टीचा: पायांवर हिरवट-पांढरी भुकटी. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्याला जशी कळक चढते तशीच. फ्यूज चांगला असतो, पण त्याच्यातून वीज नीट जात नाही.

ही कळक कशी साफ करायची?

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून (बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो) फ्यूज बाहेर काढा, क्लिपमध्ये इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने घासा, वाळू द्या. फ्यूज नवाच लावा. पॉलिश पेपर वापरू नका: क्लिपवर कथिलाचा पातळ थर असतो, तो खरवडला की खालचा तांब्याचा धातू पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने गंजतो. पेट्रोलने धुणं तर नकोच. शेवटी पायांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचं बोट फिरवलं तर खारी हवा आत शिरायला वेळ लागतो. साधं व्हील बेअरिंगचं ग्रीस तिथे चालत नाही.

नवा लावला की लगेच उडतो. शॉर्ट शोधायचा कसा?

एकेक फ्यूज जाळत बसण्यापेक्षा एक स्वस्त युक्ती आहे. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा, टोकांना चपट्या पिना लावा आणि फ्यूजच्या जागी त्या खोचा. आता शॉर्ट असला तरी सर्किटमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ शकत नाही, त्यामुळे वायर जळायची भीती नाही. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो.

मग त्या सर्किटवरच्या वस्तू एकेक करून सोडवा. एखादा कनेक्टर काढल्यावर बल्ब विझला तर दोष त्या वस्तूत. सगळं सोडवूनही बल्ब पेटलेलाच राहिला तर दोष वायरीत.

उदाहरणार्थ, मागच्या दिव्यांचा १० अँपिअरचा फ्यूज सारखा जातो आहे. बल्ब खोचून एकाने पुढे थांबायचं, दुसऱ्याने डिकीचं दार उघडून बिजागरीजवळची काळी रबरी नळी हळूहळू वाकवायची. त्या नळीतून नंबर प्लेटचा दिवा, वरचा ब्रेक लाइट, मागचा वायपर यांच्या वायरी जातात आणि दार हजारो वेळा उघडमीट करून तिथेच चिरतात. नळी एका विशिष्ट कोनात वाकली की पुढचा बल्ब फडफडतो. सापडलं. नळी मागे सरकवून वायरी बघा, एकीचं तांबं उघडं दिसेल.

हा प्रयोग एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या कॉम्प्युटरच्या फ्यूजवर करू नका.

कोकणात फ्यूजच्या तक्रारी जास्त का येतात?

खारा वारा हे सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. पण प्रत्यक्षात जास्त त्रास पाल्यापाचोळ्याचा. गाडी आंब्याखाली किंवा फणसाखाली उभी राहते, पानं वायपरच्या खालच्या जाळीत साचतात, पाणी जायची भोकं बुजतात. मग जुलैत दोन दिवस संततधार लागली की तिथे तळं होतं आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने किंवा वायरींवरून ओघळत आतल्या फ्यूज बॉक्सवर पडतं. दार आपोआप लॉक होणं, हॉर्न मध्यरात्री वाजणं, वायपर स्वतःहून सुरू होणं असले "भुताटकी" प्रकार बहुधा यातूनच येतात. मृगाच्या आधी जाळी उचलून पाला काढा, तांब्याभर पाणी ओता आणि चाकाजवळून ते बाहेर पडतंय का बघा. सनरूफ असेल तर त्याच्या चारही नळ्या तपासा.

दुसरे उंदीर. पडवीत पेंढ्याशेजारी गाडी उभी असेल तर बोनेटखालची ऊब त्यांना आवडते. एअर फिल्टरच्या डब्यामागे आणि बॅटरीच्या ट्रेखाली पेंढा, सुपारीची सालं दिसली की तिथल्या वायरी बोटाने चाचपून बघा. तंबाखूची पुडी ठेवायचा उपाय वास उडेपर्यंतच चालतो. कुरतडलेल्या वायरीला नुसती काळी टेप गुंडाळली तर कोकणच्या दमट उकाड्यात तिचा गोंद पातळ होऊन ती सरकते. जोड डाग देऊन किंवा क्रिंप करून (धातूची नळी दाबून) त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवून घ्या.

तिसरं, पुळणीवर गाडी उतरवणं. समुद्राचं पाणी जाळीमागच्या हॉर्नमध्ये आणि फॉग लाइटच्या कनेक्टरमध्ये गेलं की महिन्या-दोन महिन्यांत हॉर्नचा फ्यूज जायला लागतो, आणि तोवर ती पुळणीवरची फेरी कुणाला आठवतही नसते. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी फेरीबोटीत अगदी पुढे गाडी उभी केली तर तुषार तिथेही बसतात. घरी गेल्यावर पुढचा भाग आणि खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर पंपाचा फवारा मात्र बोनेटखालच्या काळ्या डब्यावर धरू नका.

आंबा किंवा कुंभार्ली घाटात, भर पावसात वायपरचा फ्यूज गेला तर?

धोक्याचे दिवे लावून वळणापासून लांब, रुंद जागी थांबा. आधी वायपरचं बटण बंद करा आणि पात्यांत फांदी किंवा पानांचा गोळा अडकलाय का बघा, तो काढा. मग त्याच आकड्याचा फ्यूज दुसरीकडून उसना घ्या: मागच्या काचेचा हीटर, मागचा वायपर, सॉकेट. हॉर्नचा घेऊ नका, घाटात तो लागतो. फ्युएल पंप, एबीएस, एअरबॅग, इंजिन यांच्याकडे तर बघूही नका.

तेवढाच आकडा मिळाला नाही तर एक पायरी कमी चालेल. २५ ऐवजी २० लावून वायपर हळू गतीवर ठेवलात तर बहुधा गावापर्यंत पोचाल. फार तर पुन्हा उडेल, जळणार काही नाही. एक पायरी जास्त मात्र कधीच नाही.

वायपरचा फ्यूज दुसऱ्यांदा गेला तर मोटरपेक्षा आधी तिच्या दांड्यांचे सांधे बघायला सांगा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत ते गंजून घट्ट होतात. वायपर आधी महिनाभर मंद झालेला असतो, आपण तिकडे दुर्लक्ष करतो.

सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी किंवा तार लावून तात्पुरतं चालेल का?

नाही. घरातल्या किटकॅट फ्यूजला तार बांधायची सवय इथे आणू नका. तांब्याची एक बारीक तारही १५-२० अँपिअर सहज ओलांडते. डॅशबोर्डच्या मागे, फोम आणि प्लास्टिकमध्ये, वायर तापायला लागली तर ड्रायव्हरला आधी फक्त वास येतो. एक फ्यूज वडापावच्या पैशांत मिळतो.

फ्यूज ठीक आहे तरी वस्तू चालत नाही. मग?

एकच हेडलाइट बंद असेल तर आधी बल्ब बघा. दोन्ही एकदम गेले तर रिले किंवा स्विच. रिले म्हणजे फ्यूजशेजारचा काळा चौकोनी ठोकळा. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे लावून बघा, लगेच निकाल लागतो.

ब्लोअर फक्त सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल तर फ्यूज नाही, त्याचा रेझिस्टर गेला. इंडिकेटर लावला की मागचा दिवाही मिणमिणतो, तर अर्थिंग: दिव्यामागे काळी वायर ज्या बोल्टने बॉडीला आवळलेली असते तिथे गंज आहे. पेट्रोल गाडी स्टार्टर मारते पण सुरू होत नाही, तर चावी ऑन करून मागच्या सीटखाली कान द्या. दोनेक सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. आली नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले तपासा.

ऑटोमॅटिक गाडी पार्कमधून निघत नसेल तर ब्रेक लाइट लागतात का बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक लाइटचा फ्यूज गेला की गिअरचं कुलूप सुटत नाही. लिव्हरजवळच्या छोट्या झाकणाखाली ते हाताने सोडवायची कळ असते.

सॉकेटचा फ्यूज सारखा जातो.

सॉकेटच्या तळाशी नाणं किंवा चार्जरचं निसटलेलं टोपण पडलंय का ते टॉर्चने बघा. चावी बंद करून, फ्यूज काढून मगच ते बाहेर ओढा. बरीचशी प्रकरणं इथेच मिटतात. उरलेली गणपतीला गावी येताना होतात: एका सॉकेटवर तीन तोंडांचा जोड, त्यावर दोन मोबाइल, डॅशकॅम आणि वर टायरमध्ये हवा भरायचा पंप. पंप एकटाच दहाच्या वर अँपिअर ओढू शकतो. तो चालवताना बाकी सगळं काढा.

घाटासाठी जास्तीचे फॉग लाइट बसवले. फ्यूज मोठा लावू का?

नाही. जास्तीच्या दिव्यांना कंपनीच्या सर्किटवर चढवूच नका. बॅटरीपासून वेगळी वायर, स्वतःचा रिले, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच स्वतःचा फ्यूज. फ्यूज दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर संरक्षणाशिवाय राहिली. कंपनीच्या वायरिंगवर १००/९० वॅटचे बल्ब लावले की हेडलाइटचा होल्डर आधी वितळतो.

पुराचं पाणी आत आलं होतं. वाळल्यावर फ्यूज बदलून गाडी सुरू करावी का?

करू नका. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हासारखा गाळ आत शिरला तर फ्यूज हा सगळ्यात छोटा प्रश्न असतो. गालिच्याखालचे कनेक्टर आणि कॉम्प्युटर आठवडाभर ओले राहतात. चावी लावायची नाही, पुशबटण दाबायचं नाही. निगेटिव्ह वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी टो करून न्या.

एअरबॅगचा दिवा लागलाय, किंवा गाडी इलेक्ट्रिक आहे. घरी हात लावावा का?

एअरबॅगच्या फ्यूजला नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतले १२ व्होल्टचे फ्यूज इतर गाड्यांसारखेच असतात, पण जास्त व्होल्टच्या नारिंगी वायरींपासून लांब राहा.

गाडी गणपतीनंतर शिमग्यापर्यंत गावी उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून फ्यूज काढून ठेवावा का?

फ्यूज कशाला, निगेटिव्ह वायरच काढा. बंद गाडीही ५० मिलिअँपिअरपर्यंत ओढू शकते, म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यात निम्मी होते. वायर काढण्याआधी म्युझिक सिस्टिमचा कोड असेल तर लिहून ठेवा, आणि डिकी चावीने उघडते ना याची खात्री करा.

गाडीत काय काय ठेवावं?

तुमच्या गाडीच्या आकाराचे १० आणि १५चे तीन-तीन, ७.५, २० आणि २५चे दोन-दोन, ३०चा एक. चिमटा, टेस्ट लॅम्प, वर सांगितलेला वायरीवाला बल्ब, छोटी टॉर्च. हे सगळं घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, सुटं ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकू नका. दोन पावसाळ्यांत न वापरलेल्या फ्यूजचे पायही हिरवे पडतात. विकत घेताना बिननावाच्या पन्नासच्या पाकिटापेक्षा नावाजलेल्या कंपनीचे पाच घ्या. भुक्कड फ्यूजमधला १५चा दिसणारा फ्यूज ३०लाही उडेलच असं नाही.